दोन वर्षांचं लेकरू, खान्देशातला मे महिना आणि बोर्डीचा समुद्र: सगळं कसं जमवायचं

पहिल्यांदा डहाणूजवळच्या बोर्डीला गेलो तेव्हा चिंगी सव्वा वर्षाची होती आणि आम्ही सगळे अमळनेरचे, म्हणजे समुद्राच्या बाबतीत आम्हीही सव्वा वर्षाचेच. दुपारी चारला किनाऱ्यावर पोचलो, सुरूच्या झाडांपासून जरा पुढं चादर अंथरली, दशम्यांचा डबा उघडला, पाणी फार लांब दिसत होतं म्हणून हे म्हणाले थोडं जवळ सरकू, सरकलो. साडेपाचपर्यंत चादरीचं टोक ओलं, सासूबाईंची एक चप्पल पाण्यात, आणि चिंगीचा डायपर पाणी पिऊन एवढा फुगला की चालताना तो गुडघ्यापर्यंत आला आणि मग फुटला, आतले ते जेलीसारखे गोळे सगळ्या वाळूत. शहाळेवाले काका लांबून बघत होते, ते म्हणाले, ताई आज नवमी आहे, पावणेसातला भरती भरणार, तुम्ही तिच्या वाटेतच बसलात.

नवमी? म्हटलं नवमीचा काय संबंध. तर संबंध सगळा त्याचाच आहे. त्यानंतर आम्ही दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा मस्त झालं, म्हणून जे समजलं ते सविस्तर लिहून ठेवतेय. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठूनही जाणार असाल तरी चालेल, आणि बोर्डीऐवजी दुसरा किनारा असेल तरी बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी कॅलेंडर, मग तिकीट, मग रूम

आपण काय करतो, यांची सुट्टी बघतो, मग रूम बघतो, मग तिथं जाऊन समुद्र कसा आहे ते बघतो. लहान पोर बरोबर असेल तर हे उलटं करा. भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर काढा आणि एक सोपा हिशोब करा, जो किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, जे येईल ते भरती पूर्ण भरायची वेळ. चतुर्थी म्हणजे ४, पाऊणपट ३, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि हे सगळं रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकतं. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं धरायचा, आणि निघायच्या आधी मोबाईलवर डहाणूच्या भरतीच्या वेळा टाकून एकदा पडताळून घ्यायचं.

आता बाळाच्या बाजूनं विचार करा. मे महिन्यात तुम्ही त्याला किनाऱ्यावर कधी नेणार, तर सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते सात, बास. मधे ऊन आहे. तर या दोन्ही वेळांना पाणी मागं जात असलं पाहिजे, पुढं येत असलं नाही पाहिजे. मागं जाणारं पाणी आपल्यामागं ओली, घट्ट, थंड वाळू आणि छोटी छोटी डबकी सोडून जातं, आणि दोन वर्षांच्या पोराचा खरा समुद्र म्हणजे ती डबकी. लाटा मोठ्या माणसांच्या. हे कोणत्या दिवसांत जमतं? द्वितीया ते पंचमी. भरती दुपारी दीड ते पावणेचारच्या मधे, मग संध्याकाळी पाणी उतरतंय, आणि रात्रीची भरती पहाटे होऊन गेलेली म्हणून सकाळीही पाणी उतरतंय, फक्त द्वितीयेला साडेसातच्या सुमारास ते परत चढायला लागतं. याउलट दशमी-एकादशीला जाल तर भरती साडेसात-सव्वाआठला, म्हणजे तुमच्या दोन्ही वेळा पाणी अंगावर येतंय. किनारा सपाट आहे, त्यामुळं येताना ते दिसतं हळू पण असतं झपाझप.

आपल्या लोकांसाठी तर हे लक्षात ठेवायला अगदी सोपं आहे. आखाजी म्हणजेच अक्षय्य तृतीया. आखाजी माहेरी करा, झोके खेळा, मांडे-आमरस खा, आणि मग पंधरा दिवस मोजा, वैशाख वद्य द्वितीया ते पंचमी, तीन रात्री. यात एकच अडचण म्हणजे मधे संकष्टी येते आणि वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री उशिरा उगवतो, तोवर सासूबाई उपाशी. साबुदाणा घरून घेतलेला बरा. आणि जूनच्या तोंडावर मात्र जाऊ नका, पावसाच्या आधीचा समुद्र खवळलेला असतो आणि लेकराला घेऊन त्याच्या नादी लागायचं काही कारण नाही.

बोर्डीच का

कोकणातले किनारे सुंदर आहेत, मान्य. पण अमळनेर-धुळ्याहून अलिबाग-दापोली म्हणजे पोराला घेऊन अख्खा दिवस आणि वर मुंबई-पुण्याची ट्रॅफिक. डहाणू-बोर्डी आपल्याला ताप्ती लाईननं, म्हणजे भुसावळ-सुरत रेल्वेनं, सोयीचं पडतं. आधीच सांगते, पाणी निळं नाही, मातकट आहे, वाळूही काळसर आहे, फोटोत गोव्यासारखं काही दिसणार नाही. पण किनारा लांबलचक सपाट आहे, ओहोटीला पाणी खूप आत जातं, आणि काठानं सुरूची झाडं आहेत म्हणजे सावली फुकटची. बाळाला रंगाशी काही देणंघेणं नसतं.

जायचं कसं

रेल्वेनं. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग सुरतच्या बाजूला उतरून तिथून मुंबईकडं जाणारी गाडी पकडून डहाणू रोड. सुरत ते डहाणू रोड साधारण १४० किलोमीटर. वांद्रे-भुसावळ खान्देश एक्सप्रेस याच मार्गानं जाते, तिचा दिवस आणि थांबे जमत असतील तर गाडी बदलायची कटकट वाचते. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीत लोअर बर्थ पाहिजे असेल तर त्याच दिवशी सकाळी बसा. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही पण बर्थही नाही, त्यामुळं तुमच्या बर्थमधे ते आडवं आणि तुम्ही काठावर, हे गृहीत धरा. रात्रीचा प्रवास धरा. दिवसा मे महिन्यात त्या डब्यात बसणं म्हणजे भट्टीत बसणं आहे, खिडकीतून येणारा वारासुद्धा भाजतो. दिवसाच जावं लागलं तर निदान नवापूर स्टेशन दाखवा, अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमधे, पोराला काही कळत नाही पण मोठ्यांचा दहा मिनिटं टाईमपास होतो.

गाडीनं पण एकदा गेलोय, धुळे, नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असं. रस्ता देखणा आहे पण वळणं आहेत, आणि चिंगीनं त्र्यंबकच्या पुढं जे सुरू केलं ते जव्हारपर्यंत. गाडीनं जाणार असाल तर नाशिकला मुक्काम करा, घाटाच्या आधी दूध देऊ नका, सुकी दशमी किंवा कुरमुरे द्या, आणि एक जुना टॉवेल हाताशी ठेवा.

पिशवी

लांबलचक याद्या सगळीकडं मिळतात, मी फक्त जे खरंच उपयोगी पडलं ते सांगते. पूर्ण बाह्यांचे सुती झबले आणि सुती पायजमे, रोज तीन जोड धरा कारण घामानं, वाळूनं आणि पाण्यानं असे तीनदा बदलतात. मानेवर पडदा असलेली टोपी, आणि तिला खालून नाडी शिवून घ्या, नाहीतर पहिल्या वाऱ्यात गेली. पाण्यात उतरताना साधा डायपर अजिबात नको, वर सांगितलंच. स्विम डायपर मिळतो तो घ्या, नाहीतर सरळ सुती चड्डी. खारं पाणी आणि ओली चड्डी यानं मांड्यांना चट्टे उठतात, तर किनाऱ्यावर जायच्या आधी जांघेत खोबरेल तेल चोपडा.

सनस्क्रीन सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावत नाहीत, त्यापुढच्यांना लहान मुलांचं, झिंक ऑक्साईडवालं, एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर पडायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी लावायचं आणि दोन तासांनी परत. पण खरं सांगायचं तर पहिला बचाव म्हणजे वेळ, दुसरा कपडा, आणि क्रीम तिसरं.

खेळणी विकत घेऊ नका. किनाऱ्यावर मिळणारा तो प्लॅस्टिकचा बादली-फावड्याचा सेट दुसऱ्या दिवशी मोडतो. घरून चहाची जुनी गाळणी, स्टीलची वाटी, एक डाव, आणि श्रीखंडाचा रिकामा डबा ज्याच्या बुडाला खिळ्यानं पाच-सहा भोकं पाडलीत. हा भोकाचा डबा म्हणजे सोनं आहे. पाणी भरायचं, उचलायचं, पाऊस पाडायचा, परत भरायचं, चिंगीनं एका जागी बसून हे पाऊण तास केलंय.

औषधांत ओआरएस, तापाचं औषध डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेलं, थर्मामीटर. सासूबाईंनी पोराच्या खिशात कांदा ठेवला होता उन्हासाठी. असू द्या, कांद्यानं काही बिघडत नाही, फक्त कांदा आहे म्हणून पाणी कमी पाजायचं नाही.

रूम कशी बघायची

फोनवर विचारायचे प्रश्न: तळमजल्यावर आहे का, दुपारी लाईट गेली तर जनरेटर आहे का, किटली मिळेल का किंवा किचनमधे खिचडी टाकून देतील का, विहीर किंवा स्विमिंग पूल असेल तर त्याला कुंपण आणि कडी आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वाडीतल्या मुक्कामात बऱ्याच ठिकाणी विहीर असते, पाण्याच्या उघड्या टाक्या असतात, आणि आपण समुद्राची भीती बाळगतो नि पोर पाठीमागच्या हौदाकडं जातं. दोन वर्षांच्या पोराला बुडायला बादलीतलं वीतभर पाणीसुद्धा पुरतं आणि ते ओरडत नाही, आवाज येत नाही. पोचल्या पोचल्या बॅगा उघडायच्या आधी एक चक्कर मारा, बाथरूममधली भरलेली बादली ओतून टाका, बाहेरचं पाणी कुठं कुठं आहे ते बघून घ्या.

आणि कूलरवाली रूम घेऊ नका. आमच्या सासूबाईंनी पोचल्यावर पहिलं हेच विचारलं, कूलर नही का? आपल्याकडं ४३-४४ डिग्रीत कूलर चालतो कारण हवा कोरडी असते, गवतातलं पाणी उडतं आणि हवा गार होते. समुद्रकाठी हवेत आधीच पाणी भरलेलं, ते उडणार कुठं, कूलर लावला की खोलीत नुसता दमटपणा. तिथं पंखा आणि एसी, एसी २६ वर, पोराच्या अंगावर थेट झोत नको. आकडा बघून फसू नका हे खास आपल्या लोकांना सांगायचंय. तिथं ३४ डिग्री असते आणि आपण म्हणतो हे तर आपल्या दिवाळीचं ऊन, पण घाम सुकतच नाही, अंग थंड होत नाही, आणि लहान पोराला घामोळ्या तर पहिल्याच दिवशी येतात. दिवसातून दोन-तीनदा साध्या पाण्यानं अंग पुसून किंवा आंघोळ घालून कोरडं करायचं, पावडरचा थर द्यायचा नाही.

पहिला दिवस: पाण्यात जायचं नाही

हे सगळ्यात अवघड आहे कारण मोठ्यांनाच दम निघत नाही. पहिल्या संध्याकाळी फक्त कोरड्या वाळूत बसायचं. समुद्राचा आवाज पोराला नवीन असतो, वारा नवीन असतो, पायाखालची जमीन सरकते ते नवीन असतं. काही पोरं सरळ धावत सुटतात, काही कडेवरून उतरतच नाहीत, दोन्ही ठीक. उचलून लाटेत बुडवून भीती मोडायची हा जो काही काका-मामांचा उपाय असतो तो स्पष्ट शब्दांत नाही म्हणून सांगा, आमच्याकडं तसं एका मामांनी केलं होतं आणि पुढचे दोन दिवस चिंगी बाथरूमच्या शॉवरलाही घाबरत होती.

दुसऱ्या सकाळी ओल्या वाळूवर अनवाणी. मग पाणी जिथं संपतं तिथं, घोट्याइतकं. आपण तिच्या मागं उकिडवं बसायचं, दोन्ही काखांत हात, तोंड समुद्राकडं. लाट येऊन परत जाते तेव्हा टाचेखालची वाळू ओढली जाते आणि पाय रुततात, मोठ्यांनाही त्यानं गरगरल्यासारखं होतं. चिंगीनं खाली बघितलं, परत बघितलं आणि एकदम ओरडली, पाय पलाले! म्हणजे पाय पळाले. मग दर लाटेला तेच, पाय पलाले, पाय पलाले, वीस मिनिटं. सासूबाई लांब उभ्या, पदर डोक्यावर, त्यांचं वेगळंच चाललेलं, "इतलं पानी शे आन पेवाले घोटभर बी नही!" आमच्याकडं मे महिन्यात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्यामुळं त्यांचा मुद्दा बरोबरच होता.

किनाऱ्यावर करायचं काय

तास-दीड तास पुरतो, त्यापेक्षा जास्त ताणू नका. पोर चांगलं खेळतंय म्हणून अजून थांबू असं वाटतं तेव्हाच उठायचं, कारण रडायला लागल्यावर उठलात तर चार किलोमीटर रडत येणार.

डबक्यात बसवा, पण आधी हातानं चाचपून बघा, तळाशी काच किंवा शिंपल्याची धार नाही ना. पाणी पोराच्या मांडीच्या वर नको. भोकाचा डबा, वाटी, गाळणी द्या आणि तुम्ही गप्प बसा. शिकवत बसू नका.

खड्डा खणा, पोराच्या गुडघ्याइतकाच, त्याहून खोल नको, बाजू ढासळतात. आणि जाताना बुजवून जा, रात्री कोणाचा तरी पाय मुरगळतो.

ओहोटीला वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या नक्षी दिसतात, मधे एक छोटं बीळ. बारीक खेकडे वाळू तोंडातून गाळून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून बाजूला टाकतात. दोन मिनिटं अजिबात न हलता बसलं तर खेकडा बाहेर येतो. दोन वर्षांचं पोर दोन मिनिटं हलत नाही असं होत नाही, त्यामुळं आम्ही खेकडा एकदाच बघितला, तोही सासूबाईंना दिसला.

शिंपले वेचा, पण जे पोराच्या मुठीत पूर्ण लपतं ते तोंडात जाणार असं समजा आणि काढून घ्या. शंख उचलला तर आधी आत बघा, काहींत खेकडा राहतो, आणि जिवंत गोगलगायीचा शंख, विशेषतः निमुळत्या सुळक्यासारखा, उचलूच नका, काही जाती डंख मारतात. चिखलाच्या पट्ट्यात शिरू नका, घट्ट वाळू सोडायची नाही.

घोडा, उंट, त्या चार चाकांच्या मोटारसायकली, सगळं नाही. पोराला त्यातलं काही नको असतं, फोटो आपल्याला हवा असतो.

पाण्याजवळ असताना ड्युटी लावा. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आमच्यात आता बोलून घेतात, "आता माझ्याकडं आहे", आणि ज्याच्याकडं आहे त्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात. हात लांबवला की पोर हाताला लागलं पाहिजे, एवढंच अंतर. ती फुगवायची ट्यूब असली तरीसुद्धा, ती खेळणं आहे, उलटी होते.

मधले आठ तास

हेच खरं अवघड काम आहे आणि याबद्दल कोणी लिहीत नाही. सकाळी नऊला तुम्ही रूमवर, संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर आग. आमचं टाईमटेबल असं: आल्यावर आधी बाहेरच्या नळावर वाळू धुवायची, मग गोड्या पाण्यानं आंघोळ, कान आणि मानेच्या वळ्या नीट कोरड्या. नाश्ता. दहा ते अकरा वाडीत सावलीला. साडेअकराला जेवण, बारा ते अडीच झोप, आणि घरी जशी झोपते तशीच, तिची तीच गोधडी, तोच पंख्याचा आवाज. फिरायला आलोय म्हणून दुपारची झोप मोडली की संध्याकाळचा समुद्र गेला, हे दोनदा अनुभवलंय. उठल्यावर रूममधे परातीत थोडी वाळू किंवा पाणी, बाथरूममधे शिंपले धुणं, भिंतीवरची वारली चित्रं दाखवणं. हा भाग वारल्यांचाच, बऱ्याच घरांवर चित्रं असतात, त्रिकोणांची माणसं, गोल फेर धरून नाचणारी, पोरांना ती पटकन कळतात. चिंगी अजूनही माणूस त्रिकोणाचाच काढते.

वाडी म्हणजे चिकूची. शेजारच्या घोलवडच्या चिकूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, आणि आपल्या जळगावच्या केळीलाही, त्यामुळं वाडीच्या मालकाशी आमच्या ह्यांची बरोबरीच्या नात्यानं तासभर चर्चा झाली. पोराला चिकू देताना बी स्वतः काढा, आणि मोजून काढा. चिकूच्या बीला टोकाशी बारीक आकडा असतो, घशात गेली तर अडकून बसते. ताडगोळेही याच दिवसांत मिळतात, साल काढून, बारीक तुकडे करून द्या, अख्खा गुळगुळीत गोळा लहान पोराला कधीच नाही. ताडाच्याच झाडाची ताडीही मिळते, ती कोणासाठी आणतात ते सांगायला नको, पण जो ती पिणार त्याची संध्याकाळची ड्युटी रद्द.

एक संध्याकाळ बदल म्हणून डहाणूजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जाता येतं. चैत्र पौर्णिमेपासून तिथं मोठी यात्रा असते, तेव्हा लहान पोराला घेऊन जाऊ नका, वैशाखात निवांत असतं. उदवाडा, संजाण, किल्ला, धरण हे सगळं पुढच्या वेळी, पोर सहा वर्षांचं झाल्यावर.

खाणं

पहिले दोन दिवस घरचंच चालू द्या. दशम्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या, तुपावर भाजलेल्या, दीड-दोन दिवस सहज टिकतात. मुगाच्या डाळ-तांदळाची खिचडी भाजून, जिरं-हळद घालून डब्यात नेली की हॉटेलच्या किचनमधे फक्त पाणी आणि शिट्टी. केळी स्टेशनवर घ्या. तिथं गुजराती पद्धतीचं जेवण सगळीकडं, डाळ गोडसर, पोरं आवडीनं खातात आणि आपल्यालाच जेवण झालंय असं वाटत नाही, म्हणून शेंगदाण्याची चटणी मोठ्यांसाठी न्या. मासे देणार असाल तर ताजे, वाफवलेले किंवा कमी तेलात, काटा दोनदा बोटांनी चाचपून, आणि आधी कधी दिले नसतील तर प्रवासात पहिल्यांदा नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या काळात ताजे म्हणून जे मिळेल त्याची चौकशी करा. बर्फाचा गोळा, उघडा उसाचा रस, किनाऱ्यावरची पाणीपुरी, नाही.

तब्येत

मोजायची एकच गोष्ट, लघवी. सहा तासांत डायपर ओला झाला नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सुस्त पडलंय, तर थांबायचं नाही, डॉक्टर. डहाणूला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ नंबर लक्षात ठेवा. जुलाब झाले तर ओआरएस, मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, थोडं पाकीट थोडं पाणी असं अंदाजानं करायचं नाही. दोन वर्षांखालच्या पोराला प्रत्येक जुलाबामागं ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्या.

जेलीफिश चावली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नाही, चोळू नका, वाळू लावू नका, चिकटलेले धागे एखाद्या कार्डाच्या कडेनं काढा आणि दाखवून या. किनाऱ्यावर मेलेली दिसली तरी काठीनं डिवचू नका, मेलेलीचे धागेही डसतात.

परत आल्यावर

वाळू पुढचे पंधरा दिवस निघत राहते. कपडे वाशिंग मशीनमधे टाकायच्या आधी गच्चीवर वाळवून झटका, ओले टाकले तर वाळू मशीनमधे बसते. केसांतली वाळू तेल लावायच्या आधी काढा, आम्ही उलटं केलं आणि डोक्यावर लगदा झाला.

पोर आठवडाभर समुद्र मागतं. आम्ही संध्याकाळी गच्चीवर टब ठेवतो, तोच भोकाचा डबा, आणि ते पाणी नंतर तुळशीला आणि कढीपत्त्याला, कारण पुढचं पाणी परवा येणार. चिंगी टबात उभी राहून खाली बघते आणि विचारते, पाय का नाही पलत?

शिंपले मात्र तिथेच एकेक करून आतून बघा आणि धुवून, उन्हात वाळवून मगच बॅगेत टाका. आमच्या एका शंखात कोणीतरी राहत होतं, ते वाटेत कुठंतरी वारलं, आणि घरी कपाटात काय मेलंय ते शोधायला आम्हाला तीन दिवस लागले, तोपर्यंत आम्ही उंदराचे दोन पिंजरे आणले होते.